तान्हं, अर्भक, शिशू की बालक? कुठला शब्द किती महिन्यांपर्यंत

ताई, तुमचा प्रश्न असा आहे की बचत गटातल्या बायांसाठी बाळाच्या वाढीवर एक माहितीपत्रक करायचंय, आणि शब्दांवरच गाडी अडलीय. पेपरात 'अर्भक' असतं, दवाखान्याच्या पाटीवर 'नवजात शिशू', अंगणवाडीच्या रजिस्टरात 'बालक' आणि घरी सासूबाई म्हणतात 'तान्हं लेकरू'. मग इंग्रजीतल्या इन्फंटला, म्हणजे वर्षाच्या आतल्या बाळाला, यातला नेमका कुठला घ्यायचा, तो किती महिन्यांपर्यंत चालतो आणि टॉडलरला, म्हणजे नुकतं चालायला लागलेल्याला, मराठीत काही आहे का नाही.

आधी सरकारी आणि डॉक्टरी हिशोब सांगतो, तो सरळ आहे. जन्मापासून २८ दिवसांपर्यंत नवजात. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत अर्भक, म्हणूनच अर्भक मृत्युदर म्हणजे १००० जिवंत जन्मांमागं वर्षाच्या आत दगावलेली लेकरं. बालक मात्र लई सैल शब्द आहे, अंगणवाडीत ६ वर्षांपर्यंत आणि बालकांच्या कायद्यांमध्ये थेट १८ वर्षांपर्यंत. शिशूचं तर विचारूच नका, नवजात शिशू म्हणजे काचेच्या पेटीतलं दोन दिवसांचं बाळ आणि शिशुवर्गात जातं ते दप्तर-डबा घेऊन जाणारं तीन-चार वर्षांचं पोरगं. त्यामुळं पत्रकात नुसतं 'शिशू' लिहिलं तर वाचणारीला वय कळणार नाही.

आता अर्भक. संस्कृतात अर्भक म्हणजे लहानगं, शब्द मुळात चांगलाच आहे, पण मराठी पेपरांनी त्याचं काय केलंय बघा. अर्भक हा शब्द आपण बातमीत कधी वाचतो? नाल्यात सापडलं, काटेरी झुडपात टाकून दिलं, मृत अर्भक, स्त्री जातीचं अर्भक. कित्येकदा पाच महिन्यांच्या पडलेल्या गर्भालाही अर्भकच लिहितात, जे चूक आहे, कारण पहिले आठ आठवडे भ्रूण, त्यानंतर जन्मापर्यंत गर्भ आणि जन्मल्यावर अर्भक, असा तो क्रम आहे. इतकी वर्षं अशा बातम्या वाचून तो शब्द आता कानाला गार लागतो. मांडीवर खेळणाऱ्या लेकराला कुणीच अर्भक म्हणत नाही, आणि एखाद्या ओल्या बाळंतिणीला 'तुमच्या अर्भकाला अंगावर पाजा' असं छापून द्यायचं हे मला तरी पटत नाही. आकडेवारीत, अहवालात राहू द्या तो शब्द, पत्रकात नको.

तान्हं हा मात्र आपला हक्काचा शब्द आणि इन्फंटच्या सगळ्यात जवळचा. तान्हा, तान्ही, तान्हं असा तिन्ही लिंगांत चालतो. तान्हं म्हणजे आईच्या दुधावर असलेलं. पण एक बारीक गोष्ट ध्यानात घ्या, दीड वर्षाचं पोर घरभर पळतं आणि मधेच येऊन अंगावर पितं, त्याला आपण 'अजून अंगावर पितंय' म्हणतो, तान्हं म्हणत नाही. म्हणजे दूध तर पाहिजेच, पण त्याबरोबर ते एका जागी असणारं, सगळं दुसऱ्यानं करावं लागणारं असं पाहिजे. वर्षाच्या आसपास ते आपोआप संपतं. आणि मागं दुसरं झालं की मग पहिलं कितीही बारकं असो, घरात तान्हं ते नवीनच.

ही दुधावरून वय ओळखायची रीत जुनी आहे. सुश्रुतसंहितेत लहानपणाचे तीन भाग केलेत ते आहारावरूनच, वर्षापर्यंत क्षीरप म्हणजे फक्त दूध पिणारं, दोन वर्षांपर्यंत क्षीरान्नाद म्हणजे दूध आणि अन्न दोन्ही घेणारं आणि पुढं अन्नाद. (आजचा सल्ला ६ महिने फक्त आईचं दूध, मग वरचं खाणं सुरू आणि सोबत दोन वर्षं किंवा त्याहून जास्त दूध चालू, एवढा फरक पत्रकात नक्की लिहा, 'वर्षभर फक्त दूध' असं कुणी समजायला नको. आपल्याकडं सहाव्या महिन्याच्या सुमारास उष्टावण करतात ते याला धरूनच आहे.) उलट इन्फंट हा शब्द लॅटिनमधून आलाय, मूळ अर्थ न बोलणारा. तिकडं नाव पडलं बोलण्यावरून, आपल्याकडं पिण्यावरून.

पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. आपल्याकडं टप्प्यांना शब्द नाहीत असं जे वाटतं ते आपण नामं शोधतो म्हणून. मराठीत हे काम क्रियापदं करतात. धातूला 'तं' लावा, टप्पा तयार. बसतं, रांगतं, चालतं, बोलतं. आमच्याकडं लातूर-नांदेड पट्ट्यात दवाखान्यात आजीला विचारा, लेकरू कितव्या महिन्यात आहे, तर ती बोटं मोजत बसत नाही, ती म्हणती, 'मान धरलीया, पालथं पडायलंय, बसत नाही आजून.' संपलं. डॉक्टरला जे पाहिजे ते सगळं त्यात आलं, कारण मान तीन-चार महिन्यांत सावरते, पालथं पडणं चार ते सहाच्या दरम्यान आणि बिनआधाराचं बसणं त्याच्या पुढं.

आईच्या अंगावरून मोजलं तरी तसंच. पोटातलं, मांडीवरचं, कडेवरचं, बोट धरून चालणारं. 'कडेवरचं लेकरू' म्हटलं की कळतं मान आणि पाठ दोन्ही धरलेत, नाहीतर कडेवर बसणारच नाही ते. लेकरू हा शब्द तर आपल्या मातीत इतका मुरलाय की गंगाखेडच्या जनाबाईंनी विठोबालाच लेकुरवाळा म्हटलं, तेव्हा पत्रकात 'बाळ'च्या जागी 'लेकरू' लिहायला अजिबात कचरू नका, तो गावंढळ शब्द नाहीये.

आणि हे 'तं'वाले शब्द महिन्यांच्या आकड्यापेक्षा खरे का, तेही सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतल्या धडधाकट लेकरांचा अभ्यास करून २००६ मध्ये आकडे दिले, त्यात बिनआधाराचं बसणं ३.८ ते ९.२ महिने, हात-गुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५ महिने आणि एकट्यानं चालणं ८.२ ते १७.६ महिने एवढं मागंपुढं होतं. म्हणजे शेजारणीचं नवव्या महिन्यात पाऊल टाकायलंय आणि आपलं वर्षाचं होऊनही भिंत धरूनच उभं राहतंय, तर दोन्ही बरोबर असू शकतात. 'दहाव्या महिन्यातलं बाळ' म्हटल्यावर ते काय करत असेल याचा पक्का अंदाज येत नाही, 'रांगतं' म्हटल्यावर चित्रच उभं राहतं. सातमाशी लेकराच्या बाबतीत तर जास्तच, कारण दिवस भरायच्या आधी आलेल्या लेकराचं वय डॉक्टरही ठरलेल्या तारखेपासून मोजून मगच वाढ बघतात.

सव्वा महिना हा शब्दही सोडू नका. बाळंतिणीचा सव्वा महिना आपल्याकडं अजून पाळतात, आणि आशाताईंच्या घरभेटीही तिसऱ्या दिवसापासून ४२ व्या दिवसापर्यंत असतात, म्हणजे जवळपास तेवढाच काळ. 'नवजात काळजी' पेक्षा 'सव्वा महिन्यातली काळजी' हे हेडिंग बाया आधी वाचतील.

टॉडलरचं म्हणाल तर तो इंग्रजी शब्दही डगमगत चालणं या क्रियेवरूनच बनलाय, साधारण एक ते तीन वर्षं. त्याला एक नाम नाही आपल्याकडं आणि मुद्दाम घडवायचीही गरज नाही, 'चालतं-बोलतं लेकरू' लिहा, सगळ्यांना कळतं. दुडुदुडु पळणारं हे ऐकायला गोड आहे, पण हेडिंगला लांब होतं.

तर माझ्या मते चार हेडिंगं करा: सव्वा महिन्यातलं, तान्हं, बसतं-रांगतं, चालतं-बोलतं, आणि प्रत्येकाखाली महिने बारीक अक्षरात. फक्त रांगत्याखाली एक ओळ न विसरता टाका की काही लेकरं रांगतच नाहीत, बसल्या जागेवरून सरकत सरकत थेट उभी राहतात, जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच अभ्यासात हात-गुडघ्यांवर न रांगलेली ४.३ टक्के निघाली होती, म्हणून तेवढ्यावरून घाबरायचं नाही. पण १८ महिने झाले तरी एकट्यानं पाऊल टाकत नसेल तर मग वाट न बघता दवाखान्यात दाखवायचं.