वाचक विचारतात: ब्रॉडहेडला व्हेन कोणते लावू?

प्रश्न: ताई, नमस्कार. माझं कंपाउंड (चाकं आणि केबलवालं) धनुष्य ६० पौंड ओढीचं आहे. बाणाला दोन इंची तीन व्हेन (शेपटाजवळचे प्लास्टिकचे पंख), सरळ चिकटवलेले. फील्ड पॉइंट (सरावाचं बिनपात्याचं टोक) लावला की ३० यार्डांवर बाण एकमेकांना खेटून बसतात. हंगाम तोंडावर आला म्हणून तीन पात्यांचे फिक्स्ड ब्रॉडहेड (न मिटणाऱ्या धारदार पात्यांची शिकारीची टोकं) लावले, तर सगळे बाण चार-पाच बोटं डावीकडे जातात. दुकानदार म्हणतात, चार इंची व्हेन लावा. मित्र म्हणतो, आखूडच ठेव, पण तीनाऐवजी चार लाव. कोणाचं ऐकू?

उत्तर: तूर्त कोणाचंच नको. तुमचे बाण विखुरलेले नाहीत, सगळे मिळून एकाच बाजूला जाताहेत. बाण चारी दिशांना पांगले असते तर मी आधी व्हेनवर आणि ब्रॉडहेड वाकडं बसलंय का यावर संशय घेतला असता. एकाच बाजूला जाणारे बाण म्हणजे धनुष्याची जुळणी चुकलेली आहे.

ब्रॉडहेडची पाती म्हणजे बाणाच्या तोंडाशी बसवलेले छोटे पंखच. बाण दोरीतून जरासा तिरका सुटला, की त्या पात्यांवर एका बाजूने हवेचा दाब येतो आणि बाण भलतीकडे ओढला जातो. फील्ड पॉइंटमध्ये हवेला धरायला काही नसतं, त्यामुळे तोच तिरकेपणा तिथे दिसत नाही. आज मोठे व्हेन लावलेत तर दोष झाकला जाईल, जाणार नाही.

म्हणून पहिलं काम रेस्टचं, म्हणजे धनुष्यावर बाण टेकतो त्या आधाराचं. ब्रॉडहेड फील्ड पॉइंटच्या डावीकडे लागतंय, तर रेस्ट उजवीकडे सरकवा. एका वेळी मिलिमीटरपेक्षाही कमी. मग दोन्ही प्रकारचे बाण पुन्हा सोडा. दोन्ही एकत्र येईपर्यंत साइटला (नेम धरायच्या खुणेला) हात लावू नका. ब्रॉडहेड आणि फील्ड पॉइंटचं वजन सारखं हवं, १०० ग्रेन तर दोन्ही १०० ग्रेन. आणि प्रत्येक ब्रॉडहेडला लक्ष्यावर वेगळा ठिपका द्या. एकाच ठिकाणी मारलेत तर दुसऱ्याची पाती पहिल्याचे व्हेन कापून टाकतील.

आता व्हेन. जुळणी कितीही नेमकी केली तरी हात थोडा हलतो, थंडीत जाड जाकीट दोरीला लागतं, झाडावरच्या मचाणावरून अंग वळवून नेम धरावा लागतो. अशा वेळी बाण सावरायचं काम मागच्या व्हेननाच करावं लागतं. फिक्स्ड ब्रॉडहेडसाठी माझी पसंती ठरलेली आहे: दोन ते अडीच इंच लांब, पण उंच आणि ताठ व्हेन, तीन, हेलिकल (शाफ्टभोवती किंचित पीळ देऊन) बसवलेले. शाफ्टला, म्हणजे बाणाच्या दांड्याला, लागून वाहणारी हवा मंदावलेली असते. उंच व्हेनची वरची कड मोकळ्या हवेत असते, म्हणून ती बाणाला लवकर वळणावर आणते. तुमचे व्हेन सरळ आहेत, हे मला दोन इंचांपेक्षा जास्त खटकतं. आहे त्याच लांबीत नुसता हेलिकल दिलात तरी बाण लवकर फिरू लागेल आणि फरक दिसेल. उजवा हेलिकल घ्या. बाण लागताना शाफ्ट त्याच दिशेने फिरत असतो, त्यामुळे नेहमीच्या आट्यांचं ब्रॉडहेड सैल न होता घट्ट होतं.

चार इंची व्हेन वाईट नाहीत. पण ते वजनाला जास्त आणि बारीक शाफ्टवर हेलिकलमध्ये बसवताना त्यांचं बूड कडेला उचलतं. शेपटाकडे वाढलेलं वजन बाणाचा तोल मागे नेतं, आणि ब्रॉडहेडला नेमकं उलटं हवं असतं. मित्राचा चार व्हेनचा सल्ला मी एकाच अडचणीत मानीन: उंच व्हेन केबलला किंवा रेस्टला घासत असेल तर. मग चार बुटके लावा. घासतंय का ते डोळ्यांनी कळत नाही. पायाला मारायच्या पावडरचा स्प्रे व्हेनवर आणि रेस्टवर मारा, एक बाण सोडा आणि व्हेनची कड उजेडात धरा. जिथे घासलं तिथली पांढरी पावडर पुसली जाऊन बारीक रेघ उमटलेली असते. बहुतेक वेळा नॉक (दोरीत अडकणारी बाणाची खाच) थोडा फिरवून काम भागतं.

उंच व्हेन थोडे जास्त वाजतात, आडव्या वाऱ्यात बाण जास्त सरकतो, आणि दूरवर वेगही कमी होतो. २०-३० यार्डांच्या शिकारीत ही किंमत मी आनंदाने मोजते. चार बोटं चुकलेला बाण लक्ष्यावर नुसते गुण घालवतो. जनावराच्या बाबतीत तो फुप्फुसाऐवजी पोटात जातो, आणि ते बिचारं तासन्‌तास तडफडतं. तुमचं हे चार-पाच बोटांचं अंतर मिटल्याशिवाय रानात जाऊ नका, हंगाम सुरू झाला तरी.

चिकटवण्याआधी शाफ्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मग त्याला बोट लावू नका. व्हेनच्या पुढच्या टोकावर गोंदाचा एक जादा थेंब द्या, सुटायला तिथूनच सुरुवात होते.

प्रश्न: मी लाँगबो (साधं लांब धनुष्य) वापरतो, बाण थेट शेल्फवरून, म्हणजे मुठीच्या वरच्या कडेवरून, सोडतो. प्लास्टिकचे व्हेन चालतील का?

उत्तर: नाही. प्लास्टिक शेल्फला आपटून बाण उडवतं; पीस आडवं होऊन निघून जातं. मोठ्या ब्रॉडहेडला पाच इंची पिसं लावा. एका बाणावर सगळी पिसं एकाच पंखाची, डावी किंवा उजवी, आणि हेलिकलही त्याच बाजूचा. पावसात पिसं भिजून चपटी होतात, तेव्हा भात्यावर झाकण ठेवा.