लस बनवायची होती, आणि नोकरी मिळाली बाटल्यांची

ताई, पत्र मिळालं. मुलगी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाली, लस-संशोधनाचं मनात होतं आणि नोकरी आली ती प्रयोगशाळांना मीडियम (पेशी वाढवायचा पोषक द्रव), सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) आणि तपासणीची किट पुरवणाऱ्या कंपनीत. 'एवढं शिकून बाटल्याच भरायच्या का?' हा तुमचा सवाल.

या बाटल्यांना नावं ठेवू नका. विषाणू वाढवायला जिवंत पेशी लागतात. १९६२ साली जपानमध्ये आफ्रिकन माकडाच्या मूत्रपिंडापासून तयार केलेल्या व्हेरो पेशी पोलिओ, रेबीजच्या लशींसाठी आजही वापरल्या जातात. त्या जगतात मीडियमवर. हे मीडियम लालसर असतं. त्यात जिवाणू शिरले की बहुधा ते गढूळ होतं, पिवळं पडतं. बिघाड डोळ्यांना दिसतो. मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूचं तसं नाही. तो बारीक गाळणीतूनही निसटतो, द्रव स्वच्छच राहतो, पेशी वरवर ठणठणीत दिसतात आणि प्रयोगाचे आकडे मात्र गुपचूप बिघडतात. संशोधकाचे सहा महिने पाण्यात जाऊ शकतात. त्यामुळे चाचणी झाल्याशिवाय लॉट बाहेर न सोडणारा माणूस लसीच्या कामातलाच असतो.

शिवाय हे सामानही संशोधनातूनच येतं. लसीत जिवाणूंचं एंडोटॉक्सिन (ताप आणणारं विष) आहे का, हे तपासायला हॉर्सशू क्रॅब या सागरी जिवाच्या निळ्या रक्तापासून केलेला अभिकर्मक वापरत आले आहेत (मला स्वतःला हा प्रकार अजून अद्भुत वाटतो). आता त्यातला कळीचा घटक प्रयोगशाळेतच बनवता येतो. असा पर्याय आधीच्या चाचणीइतकाच भरवशाचा आहे हे आकड्यांनी दाखवावं लागतं, आणि त्या कामाला तुमच्या मुलीसारखीच माणसं लागतात.

पण तुमची शंका अगदीच चुकीची नाही. अशा कंपनीत गुणवत्ता नियंत्रण किंवा उत्पादन विकास मिळाला तर डोळे झाकून जावं. एलायझा (नमुन्यातली प्रथिनं किंवा प्रतिपिंडं ओळखायची चाचणी), पेशी-संवर्धन, नोंदी ठेवण्याची शिस्त हे सगळं हाताखालून जातं, आणि दोन वर्षांनी पीएच.डी. करायची म्हटली तर हेच उपयोगी पडतं. नुसतं पॅकिंग किंवा विक्री असेल तर मी नको म्हणेन. विक्रीत पैसे बरे मिळतील, पण पिपेटवरचा हात सुटतो.

ऑफर लेटरवर विभागाचं नाव आहे का, ते आधी बघा. नसेल तर सही करण्यापूर्वी तिला ते लेखी मागून घ्यायला सांगा.