मुलाखतीला १२० दिवस उलटले असतील, तर दावा लावा

ताई, तुमची अडचण थोडक्यात अशी: अमेरिकी नागरिकत्वाचा अर्ज, एन-४००, भरला, मुलाखत झाली, इंग्रजी आणि नागरिकशास्त्राची परीक्षा पास झालात, पण अधिकाऱ्याने ‘निर्णय आत्ता देता येत नाही’ असा कागद हातात ठेवला. त्याला आठ महिने झाले. वकील म्हणतात फेडरल कोर्टात दावा लावू, आणि सासरे साताऱ्याहून फोनवर सांगतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.

तुमच्या बाबतीत मी म्हणेन, चढा. सासऱ्यांची काळजी मला कळते. आपल्याकडे आजोबांनी लावलेल्या दाव्याचा निकाल नातू ऐकतो, हे त्यांनी पाहिलेलं असणार. पण इथे कायदाच तुमच्या बाजूने उभा आहे. नागरिकत्वाची मुलाखत झाल्यापासून १२० दिवसांत निर्णय झाला नाही, तर अमेरिकी कायदेसंहितेच्या आठव्या टायटलच्या (भागाच्या) कलम १४४७(बी) प्रमाणे तुम्ही राहता तिथल्या फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टात जाता येतं. न्यायाधीश स्वतः निर्णय देऊ शकतात, किंवा सूचना देऊन प्रकरण यूएससीआयएसकडे, म्हणजे अर्ज हाताळणाऱ्या इमिग्रेशन खात्याकडे, परत पाठवू शकतात. इमिग्रेशनच्या बाकी बहुतेक अर्जांना अशी ठरलेली मुदत नाही. तिथे मँडेमसचा, म्हणजे सरकारी खात्याला अडलेलं काम करायला लावण्याचा, दावा लावून ‘हा उशीर अवाजवी आहे’ हे पटवून द्यावं लागतं, आणि त्यासाठी न्यायालयं १९८४ च्या ‘ट्रॅक’ खटल्यातले सहा निकष लावतात. त्यात सरकारी वकिलाला बोलायला भरपूर जागा मिळते. तुमच्या बाबतीत वाद मुख्यतः कॅलेंडरचा आहे.

इथेच अनेकांची गल्लत होते. तुमच्या भावाचं ईबी-२ चं, म्हणजे नोकरीवर आधारित, ग्रीन कार्ड दाव्याने लवकर मिळेल का, असंही तुम्ही विचारलंय. त्याची प्रायॉरिटी डेट (रांगेतली तारीख) करंट नसेल, म्हणजे त्याचा नंबर आला नसेल, तर नाही. ती रांग कुठल्या अधिकाऱ्याने फाइल दाबून ठेवल्यामुळे लागलेली नाही. वर्षाला नोकरीवर आधारित साधारण १,४०,००० व्हिसा आणि एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा, हे अमेरिकी संसदेने, काँग्रेसने, ठरवलंय. ते कोर्ट बदलू शकत नाही. जुलै २००७ मध्ये व्हिसा बुलेटिन, म्हणजे कुणाचा नंबर आला हे सांगणारं महिन्याचं सरकारी पत्रक, ऐन वेळी फिरवलं, तेव्हा आपल्या लोकांनी गांधीगिरी करून यूएससीआयएसच्या संचालकांना शेकडो पुष्पगुच्छ पाठवले होते. मीही एक पाठवला होता. १७ जुलैला निर्णय मागे घेतला गेला आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज घेतले. अर्ज भरायला दार उघडलं, पण रांग तशीच राहिली. दावा लावण्याआधी प्रत्येकाने स्वतःला हेच विचारावं: माझा उशीर टेबलावरचा आहे की रांगेतला?

आता तुमची खरी भीती: सरकारवर दावा लावला तर ते डूख धरतील का? दावा लावला म्हणून अर्ज नाकारता येत नाही. पण कोर्टाचा कागद पोचला की फाइल उघडते आणि ती कुणीतरी नीट वाचतं. त्यात काही असेल तर तेही वाचलं जातं. म्हणून आधी स्वतः वाचा. सहा महिन्यांपेक्षा लांबलेली एखादी भारतवारी, थकलेला टॅक्स, जुनी अटक (मग ती केस रद्द झालेली का असेना), यांतलं काहीही असेल तर वकिलांना आजच सांगा. दाव्याने मिळतो तो निर्णय. तो होकारच असेल असं कोर्ट सांगत नाही.

दाव्याची फी सध्या ४०५ डॉलर. वकिलांचा खर्च वेगळा, आणि तो एकरकमी ठरवून लेखी घ्या. समन्स मात्र स्वतः तपासा, हे मी पोळलेला माणूस म्हणून सांगतोय. समन्स तीन ठिकाणी जावं लागतं: संबंधित खात्याला, वॉशिंग्टनला ॲटर्नी जनरलना आणि तुमच्या जिल्ह्याच्या यूएस ॲटर्नीच्या, म्हणजे तिथल्या केंद्र सरकारच्या वकिलाच्या, कार्यालयाला. उत्तरासाठी सरकारला ६० दिवस मिळतात आणि ते यूएस ॲटर्नीला समन्स पोचल्या दिवसापासून मोजतात. माझ्या पहिल्या वकिलांकडून नेमका तोच पत्ता राहून गेला. दोन महिने मी रोज पोस्टाची पेटी उघडून बघत होतो आणि मुदत सुरूच झाली नव्हती. बायको तर म्हणायला लागली, आपण उगाच वाघाच्या शेपटीवर पाय दिला. समन्स नीट पोचल्यावर पाचव्या आठवड्यात सरकारी वकिलांनी माझ्या वकिलांना फोन केला. बाई अगदी सौजन्याने बोलल्या. दोन्ही बाजूंनी मिळून कोर्टाला अर्ज केला, प्रकरण परत गेलं, आणि शपथविधीचं पत्र आलं. न्यायाधीशांचं तोंडही मी पाहिलं नाही.

दाव्याआधी तुमच्या भागाच्या अमेरिकी खासदाराच्या कार्यालयाकडून एकदा विचारणा करून घ्या. फुकट असते, आणि तुम्ही सगळे मार्ग पाहिलेत हे कागदावर येतं. पण त्यात आणखी सहा महिने घालवू नका.

मुलाखतीच्या दिवशी मिळालेला तो कागद म्हणजे एन-६५२. १२० दिवस मुलाखतीच्या तारखेपासून मोजायचे, म्हणून तो आणि मुलाखतीची नोटीस दोन्ही आधी शोधून ठेवा. दिवाळीचं पुण्याचं तिकीट काढणार असाल तर तारीख बदलता येणारं काढा. शपथेचं पत्र कधी कधी अगदी थोड्या दिवसांच्या मुदतीने येतं.