मुक्कामाची सहल आणि मुलीचा नकार

मुलांना मुक्कामाच्या सहलीला पाठवण्याने खरोखर काही साधते का, आणि त्यासाठी घरखर्चाची ओढाताण करावी का, हा प्रश्न सहलीचे पत्रक घरी आले की पालक मला हमखास विचारतात. त्यातील एका कुटुंबाचा अनुभव येथे देत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

दहा वर्षांच्या मुलीला घेऊन आई-वडील आले होते. वर्गातील बहुतेक मुले सहलीला निघाली होती आणि ही मात्र ‘मला घराबाहेर झोप येत नाही’ एवढेच धरून बसली होती. आईच्या मते मुलगी घरकोंबडी होत चालली असल्यामुळे तिला पाठवायलाच हवे होते. वडिलांना जबरदस्ती मान्य नव्हती. मला खटकले ते वेगळेच. हीच मुलगी सुट्टीत मावशीकडे आठवडाभर मजेत राहून आली होती.

तिच्याशी एकटीशी बोलताना मी सहलीऐवजी तिच्या धाकट्या भावाची चौकशी केली, तेव्हा त्याचीही सहल याच वर्षी असल्याचे कळले. तिने समोरच्या कागदावर दोघांच्या शुल्काची बेरीज मांडली, तिच्याखाली ‘बूट’, ‘रेनकोट’, ‘मोठी बॅग’ असे लिहिले आणि प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह काढले. दोघांपैकी एकालाच पाठवणे जमेल, हे आई-बाबांचे रात्रीचे बोलणे तिच्या कानावर पडले होते आणि तिने आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता. झोपेचे कारण पुढे केले की पैशांचा विषय निघत नाही, एवढी समज तिला आली होती.

खरोखर घाबरलेले मूल सहसा प्रश्न विचारून भंडावून सोडते: रात्री दिवा असेल का, शेजारी कोण झोपेल, घरी फोन करता येईल का. पैशांपायी माघार घेणारे मूल मात्र पत्रक हातातही धरत नाही, असे मी अनेकदा पाहिले आहे.

मुलीच्या परवानगीने मी हे आई-वडिलांना सांगितले. शाळेत गरजू मुलांसाठी निधी होता, परंतु त्यासाठी वर्गशिक्षिकेकडे अर्ज द्यावा लागे आणि पैसे न भरलेल्यांची नावे वर्गात वाचली जात. अशा मदतीला मी न्याय्य म्हणणार नाही. सामानासह संपूर्ण खर्च वर्षाच्या सुरुवातीलाच कळवणे, हप्त्यांची सोय सरसकट सर्वांना देणे, बूट-रेनकोट शाळेने वापरायला देणे आणि मागे राहणाऱ्या मुलांना दुसऱ्या वर्गाच्या शेवटच्या बाकावर न बसवता त्यांच्यासाठीही काही आखणे, एवढे केले तरी पुष्कळ कुटुंबांची कुचंबणा टळेल.

सहलीचा उपयोग नाही, असे मात्र मी म्हणत नाही. स्वतःचे सामान सांभाळणे, न आवडणाऱ्या मुलासोबत खोली वाटून घेणे, शिक्षकांना वर्गाबाहेर पाहणे, यातून मुले पुष्कळ शिकतात. ‘व्यक्तिमत्त्व घडते’ हा पत्रकातील दावा तेवढा सावधपणे घ्यावा. शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान आणि जहाज व्यावसायिक लॉरेन्स होल्ट यांनी १९४१ मध्ये वेल्समधील अ‍ॅबरडोव्ही येथे ‘आउटवर्ड बाउंड’ या निसर्गातील साहसांतून मुलांना घडवू पाहणाऱ्या उपक्रमाची पहिली शाळा काढली, तेव्हा तेथील अभ्यासक्रम जवळजवळ महिनाभर चालत असे; दोन-तीन रात्रींकडून तेवढी अपेक्षा धरणे फाजील आहे. कर्ज काढून पाठवावे, इतके त्यात काही नाही.

ज्यांचे मूल खरोखर घाबरते, त्यांनी आधी नातेवाइकांकडे एखादी रात्र राहण्याची सवय करावी आणि ‘करमले नाही तर लगेच न्यायला येऊ’ असे वचन देऊ नये. त्या वचनामुळे मुलाचे मन परतीच्या वाटेकडेच लागून राहते. झोपेत अंथरूण ओले होण्याची धास्ती असल्यास शिक्षकांना खासगीत कल्पना द्यावी आणि डॉक्टरांना आधीच भेटावे. सात वर्षांच्या मुलांपैकी साधारण ५ ते १० टक्के मुलांना हा त्रास असतो आणि अशा थोड्या दिवसांसाठी औषधेही आहेत. ती घरी आधी घेऊन पाहावी लागतात.

या कुटुंबाने दोन्ही मुलांना समोर बसवून यंदा हाती किती पैसे आहेत ते सांगितले. मुलगी हप्त्यांवर गेली, भावाची सहल पुढच्या वर्षावर गेली आणि तो काही दिवस तिच्याशी बोलला नाही. निधीचे अर्ज थेट कार्यालयात स्वीकारावेत आणि वर्गातील नाववाचन थांबवावे, असे पत्र वडिलांनी शाळेला दिले आहे. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.