वाचकांचे प्रश्न : उणे सात मिनिटांची रांग

रुग्णालयाच्या कामकाजावर सेमिनार करणाऱ्या अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांची पत्रं या वेळी बरीच आली. त्यातली पाच निवडली आहेत. पहिल्या प्रश्नाला सर्वांत जास्त जागा दिली आहे, कारण बहुतेकांचं काम तिथेच फसतं.

प्रश्न : ओपीडीतल्या प्रतीक्षेवर आमचा सेमिनार आहे. नोंदणीची वेळ आणि तपासणी सुरू झाल्याची वेळ यांतला फरक काढला, तर काही ओळींत उत्तर उणे येतं, अगदी उणे सात मिनिटांपर्यंत. सर म्हणतात, त्या ओळी काढून टाका. काढाव्यात का?

काढू नका. उणे ओळ म्हणजे तुमच्या हाती लागलेला पुरावा आहे. नोंदणी खिडकीवरचा संगणक आणि डॉक्टरांच्या खोलीतला संगणक यांची घड्याळं जुळत नसली की असं होतं. खोलीतलं घड्याळ आठ मिनिटं मागे असेल, तर एका मिनिटात आत गेलेला रुग्ण उणे सात दाखवतो आणि तीस मिनिटं थांबलेला बावीस दाखवतो. दुसरी ओळ दिसायला निर्दोष, पण तीही तितकीच चुकलेली. फक्त उणे ओळी काढल्या, तर खरोखर कमी थांबलेले रुग्ण तेवढे वगळले जातात आणि उरलेल्यांची चूक तशीच राहते.

आधी एकच घड्याळ हातात घेऊन प्रत्येक संगणकाची वेळ त्याच्याशी ताडून पाहा. मात्र आज मिळालेला फरक गेल्या तीन महिन्यांना सरसकट लावू नका. घड्याळ दररोज थोडं सरकतं आणि मध्येच कुणी ते दुरुस्तही केलेलं असतं. त्यासाठी प्रत्येक दिवसाचा सर्वांत लहान फरक काढून त्याचा आलेख करा. तो हळूहळू घसरत असेल, तर घड्याळ सरकत आहे. एका दिवशी एकदम उडी दिसली, तर त्या दिवशी ते कुणीतरी लावलं असण्याची शक्यता मोठी. यापुढच्या नोंदींसाठी सगळे संगणक एकाच एनटीपी सर्व्हरशी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळं जुळवून देणाऱ्या संगणकाशी, जोडून घ्यायला सांगा.

दुसरी शंका बटणाची. ‘तपासणी सुरू’ हे बटण कोण दाबतं आणि केव्हा? गर्दीत पाच-सहा रुग्ण तपासून झाले की सगळ्यांच्या नोंदी एकदम उरकल्या जातात. प्रत्येक मिनिटाला किती नोंदी पडल्या ते मोजा. एकाच डॉक्टरच्या नावावर एका मिनिटात सहा तपासण्या सुरू झालेल्या दिसल्या, तर ती टंकण्याची वेळ आहे, तपासणीची नव्हे. फरक बरोबर बारा तासांचा येत असेल, तर बारा तासांच्या घड्याळातला सकाळ-दुपारचा घोळ समजा. आणि कंटाळून निघून गेलेल्या रुग्णांना दुसरी वेळच नसते. त्या ओळी गळाल्या की प्रतीक्षा कागदावर आपोआप कमी होते, म्हणून त्यांची संख्या स्वतंत्र दाखवा.

शेवटची पडताळणी लिटलच्या नियमाने करा. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला हा नियम सोपा आहे : आत असलेल्या माणसांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले आत राहण्याचा सरासरी काळ. तासाला २४ रुग्ण येतात आणि नोंदींनुसार प्रत्येक जण नोंदणीपासून बाहेर पडेपर्यंत सरासरी ५० मिनिटं आत असतो, तर कोणत्याही क्षणी सरासरी २० रुग्ण दिसायला हवेत. ओपीडी उघडल्यापासून शेवटचा रुग्ण जाईपर्यंत दर पंधरा मिनिटांनी डोकी मोजा, नातेवाइकांना वगळून. सरासरी ३० भरली, तर खरा काळ ७५ मिनिटांचा आहे आणि तुमच्या नोंदी खोटं बोलत आहेत. या कामाला वही-पेन्सिल पुरते, आणि सेमिनारमध्ये सर्वांत वजनदार ठरते ती हीच स्लाइड.

प्रश्न : डॉक्टर ८५ टक्के वेळ व्यग्र आहेत, म्हणजे १५ टक्के मोकळे आहेत, मग आणखी रुग्ण घ्या, असं व्यवस्थापनाचं म्हणणं आहे. गणिताने काय सांगता येईल?

एक डॉक्टर, रुग्णांचं येणं अनियमित आणि तपासणीचा वेळही तसाच कमीजास्त, असं धरलं तर रांगेतली सरासरी प्रतीक्षा काढण्यासाठी व्यग्रतेला मोकळेपणाने भागून तपासणीच्या सरासरी वेळेने गुणायचं. तपासणी सहा मिनिटांची असेल, तर ८० टक्क्यांना २४ मिनिटं, ८५ ला ३४, ९० ला ५४ आणि ९५ ला तब्बल ११४. शेवटच्या पाच टक्क्यांसाठी प्रतीक्षा दुपटीहून वाढते. ज्याला ते रिकामा वेळ म्हणतात, तोच रांग जिरवतो.

हेही सांगा की तपासणीचा वेळ अगदी ठरावीक असता, तर याच व्यग्रतेला प्रतीक्षा निम्मी झाली असती. म्हणून नवा डॉक्टर मागण्याआधी चढउतार कमी करता येतो का ते पाहा : वेळा वाटून देणं, अहवाल आधीच हाताशी ठेवणं, ड्रेसिंगसारखी लांबणारी कामं वेगळ्या खोलीत नेणं. दार उघडताच निम्मे रुग्ण एकदम येत असतील, तर मात्र हे सूत्र वापरू नका. तिथे मिनिटामिनिटाचं सिम्युलेशनच करावं लागतं.

प्रश्न : एकाच रुग्णाच्या तीन-तीन नोंदी आहेत. नाव आणि जन्मतारीख जुळली की एकत्र कराव्यात, असा प्रोग्रॅम लिहिला आहे. पुरेसा आहे का?

नाही, आणि धोक्याचाही आहे. नाव कधी आद्याक्षरांनी, कधी आडनाव आधी, कधी लग्नानंतरचं असं लिहिलं जातं. नवजात बाळाची नोंद पुष्कळदा आईच्या नावावरच होते. जुळ्यांचं आडनाव, तारीख, पत्ता, फोन सगळंच सारखं. जन्मतारीख ठाऊक नसली की १ जानेवारी टाकली जाते.

फेलेगी आणि सुंटर यांनी १९६९ साली मांडलेली पद्धत वापरा. प्रत्येक रकान्यासाठी दोन शक्यता काढायच्या : एकाच माणसाच्या दोन नोंदींत तो जुळण्याची, आणि दोन वेगळ्या माणसांत योगायोगाने जुळण्याची. पहिलीला दुसरीने भागून दोनच्या पायाचा लॉगॅरिदम घेतला की त्या रकान्याचं वजन मिळतं. लिंग जुळलं तर वजन जेमतेम १. पूर्ण जन्मतारीख जुळली तर सुमारे १४. पण ती १ जानेवारी असेल, तर तुमच्या साठ्यात ती किती वेळा येते ते मोजून वजन उतरवा. फोन घरातल्या सगळ्यांचा एकच असतो, त्यालाही फार वजन नको. बेरजेवर दोन मर्यादा ठेवा : वरच्या पलीकडे एकच माणूस, खालच्या अलीकडे वेगळे, मधल्या जोड्या माणसाने पाहायच्या.

५०,००० नोंदींच्या सुमारे १२५ कोटी जोड्या होतात. म्हणून आधी जन्मवर्षाने गट पाडा, मग नावाच्या उच्चाराने पुन्हा एकदा वेगळे गट पाडा, म्हणजे वर्ष चुकलेलेही सापडतील.

विलीन करताना जुना क्रमांक पुसू नका, नव्याला जोडून ठेवा. दोन माणसं चुकून एक झाली, तर एकाचा रक्तगट दुसऱ्याच्या कागदावर जातो. ती गाठ सोडवता आलीच पाहिजे. एचएल७ म्हणजे रुग्णालयातल्या प्रणालींनी एकमेकींना माहिती पाठवण्याचं मानक. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत विलीनीकरणाचा ए४० हा संदेश आहे. तो प्रयोगशाळेच्या आणि क्ष-किरण विभागाच्या प्रणालीपर्यंत पोहोचतो का, हे तपासा. तिथे तो अडकला, तर नवे अहवाल जुन्याच क्रमांकावर पडत राहतात.

प्रश्न : दोन प्रयोगशाळांचे आकडे एका तक्त्यात आणले, तर साखरेचे दोन वेगळेच डोंगर दिसतात.

एककं वेगळी आहेत. ग्लुकोज मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असेल, तर १८ ने भागल्यावर मिलिमोल प्रति लिटर मिळतं. १२६ म्हणजे ७. क्रिएटिनिनला गुणक वेगळा : १ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे ८८.४ मायक्रोमोल प्रति लिटर. आकड्याच्या आकारावरून एकक ओळखणारा प्रोग्रॅम लिहू नका, कारण २० हा आकडा दोन्ही एककांत संभवतो आणि दोन्हीकडे तो जिवावरचा असतो, एकीकडे साखर फार कमी म्हणून आणि दुसरीकडे फार जास्त म्हणून. आकडा, एकक आणि ‘पेक्षा कमी’सारखं चिन्ह तीन वेगळ्या रकान्यांत ठेवा. चाचणीच्या नावाऐवजी लॉइंक या चाचण्यांच्या प्रमाणित यादीतला संकेतांक घ्या. त्यात ग्लुकोजच्या या दोन मापांना वेगवेगळे क्रमांक आहेत.

प्रश्न : बदलानंतर आठवड्याची सरासरी प्रतीक्षा ४६ वरून ४१ मिनिटांवर आली. सुधारणा झाली असं स्लाइडवर लिहावं का? आणि तक्ते दाखवताना रुग्णांची ओळख कशी झाकावी?

एका आठवड्यावरून लिहू नका. वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये मांडलेला नियंत्रण आलेख काढा. बदलाआधीचे निदान १२ ते २० आठवडे घ्या. लागोपाठच्या दोन आठवड्यांतल्या फरकांची सरासरी काढून तिला २.६६ ने गुणा. हा गुणाकार मूळ सरासरीतून वजा केला की खालची मर्यादा आणि तिच्यात मिळवला की वरची मर्यादा मिळते. सरासरी ४६ आणि फरकांची सरासरी ५ असेल, तर मर्यादा ३२.७ ते ५९.३ होतात. ४१ त्यांच्या आतच आहे, म्हणजे ती नेहमीची हालचाल असू शकते. मधल्या, म्हणजे सरासरीच्या, रेषेखाली सलग आठ आठवडे आले, तर म्हणा की काहीतरी बदललं. नवे आकडे जुन्यात मिसळून मर्यादा पुन्हा काढू नका, त्याने बदल झाकला जातो. सोबत काही दिवसांतच त्याच तक्रारीसाठी परत आलेल्यांची संख्याही मांडा, कारण तपासणी उरकती घेतली तरी रांग आखूड होते.

ओळखीचं म्हणाल, तर नाव आणि क्रमांक काढणं पुरत नाही. प्रत्येक रुग्णाच्या सगळ्या तारखा ठरावीक, पण रुग्णागणिक वेगळ्या दिवसांनी सरकवा. अंतरं कायम राहतात. आठवड्याचे आलेख मात्र त्याआधीच, रुग्णालयातल्या संगणकावर मूळ तारखांवरून काढून ठेवा. ज्या रकान्यात पाचपेक्षा कमी माणसं आहेत, तो शेजारच्याशी जोडा. स्प्रेडशीटमधला आलेख स्लाइडवर जसाच्या तसा चिकटवला, तर अनेकदा त्याच्यामागे अख्खी फाइल लपून येते आणि दोन वेळा क्लिक केलं की रुग्णांची यादी उघडते. तो चित्र म्हणूनच चिकटवा, आणि फाइल पाठवण्याआधी दुसऱ्या संगणकावर उघडून प्रत्येक आलेखावर क्लिक करून पाहा.