गॅरेजच्या गप्पा : भोकं जुळली म्हणजे डिस्क जुळली असं नाही

प्रश्न : आमच्याकडे सासऱ्यांची जुनी टाटा सहाचाकी आहे, उसाच्या सीझनला अजून पळते. मागच्या चाकांच्या दोन डिस्क (टायर बसतो ती लोखंडी चाकं) गंजल्या म्हणून भंगारातून दुसऱ्या दोन आणल्या, दहाच्या दहा भोकं बसली. पण गाडी भरली की उजव्या बाजूच्या जोडीतले टायर एकमेकांना घासतात, जळका वास येतो. पंक्चरवाला म्हणतो मध्ये जाड प्लेट टाकून देतो. टाकू का? (कराड)

उत्तर : अजिबात नका टाकू. तुमचा पंक्चरवाला माणूस चांगला असेल पण प्लेट टाकली की स्टडवर (चाक धरणाऱ्या बोल्टवर) नट धरायला आटेच कमी उरतात, बाहेरचं चाक आणखी बाहेर जातं आणि सगळा ताण बेअरिंगवर येतो, वर उसाची गाडी म्हणजे पासिंगपेक्षा माल जास्तच असणार, मी काय सांगायचं.

गोम डिस्कच्या खोलगटपणात आहे. आपल्याकडच्या जोडचाकात वेगळा स्पेसर, म्हणजे मध्ये अंतर ठेवणारा तुकडा, नसतोच, दोन डिस्क पाठीला पाठ लावून बसतात आणि त्यांच्या खोलीमुळेच मधली फट तयार होते. डिस्क जिथे एकमेकींना चिकटतात तिथपासून रिमच्या (टायर बसतो त्या कड्याच्या) मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे ऑफसेट. समजा दोन्हींचा १६५ मिमी आहे, तर दोन टायरच्या मध्यातलं अंतर झालं ३३०. १०.००-२० चा टायर (२० म्हणजे रिमचा व्यास, इंचात) साधारण २७८ मिमी रुंद, म्हणजे बावन्न मिमी फट. आता त्यातली एक डिस्क १२५ ची आली तर अंतर २९०, फट फक्त बारा, आणि माल भरल्यावर टायर खाली फुगतो तेव्हा ती पण संपते. तुमचं हेच झालं असणार.

घरी तपासायचं तर डिस्क जमिनीवर अशी ठेवा की चिकटायची बाजू खाली राहील, आणि जमिनीपासून रिमच्या खालच्या काठापर्यंत टेपने मोजा. जुनी चांगली डिस्क शेजारी ठेवून मोजलं की फरक लगेच दिसतो. मात्र रिमची रुंदी दोन्हीची एकच पाहिजे. ती रिमवर ठोकलेली असते, ७.०-२० किंवा ७.५-२०, जुन्यांवर ७.५०व्ही असंही. वायर ब्रशने गंज घासा, दिसेल. ९.००-२० टायरला ७.० आणि १०.००-२० ला ७.५ ही नेहमीची जोडी. हे दोन टायर एकाच जोडीत घालू नका, उंचीत तीन-साडेतीन सेंटिमीटरचा फरक असतो, मोठा सगळं वजन घेतो आणि छोटा फरपटतो.

भोकांचं पण सांगतो. दहा भोकं मोजून थांबू नका, समोरासमोरच्या दोन भोकांचं मध्य ते मध्य अंतर घ्या. ३३५ मिमी आणि मधलं मोठं भोक २८१, ही खूप ठिकाणी दिसणारी जोडी. अमेरिकन मापात दहाच भोकं पण अंतर २८५.७५. नटही बघा, काही डिस्कना गोलाईवाला नट लागतो काहींना सपाट वॉशरवाला, अदलाबदल केली तर कितीही आवळा, ढिले होणारच.

आणि लॉक रिंग, म्हणजे टायर रिमवर अडकवून ठेवणारी सुटी लोखंडी रिंग. ज्या रिमची रिंग त्याच रिमवर. दुसऱ्या कंपनीची 'बसते की' म्हणून ठोकून बसवलेली रिंग हवा भरताना उडते, त्यात माणसं गेली आहेत. चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरायला सांगा, समोर उभं राहू नका.

प्रश्न : शेजारी एक जुना मॅक बी-६१ ट्रक दुरुस्त करतोय आणि मी मदतीला जातो. याला डिस्कच नाही, बिडाचे आरे आहेत. दोन टायरमध्ये पट्टीची रिंग आहे, एक ४ इंची, एक सव्वाचार इंची. कुठली लावायची? (न्यू जर्सी)

उत्तर : मस्त उद्योग! बी मालिका १९५३ ते १९६६ मध्ये निघाली आणि मॅकचं जुनं घर तुमच्या शेजारच्या पेनसिल्व्हेनियात, ॲलनटाउनला, त्यामुळे सुटे भाग तुम्हाला आमच्यापेक्षा लवकर मिळतील. तुमची पट्टी म्हणजे खरा स्पेसर. इथे रिम आऱ्यांवरच्या २८ अंशांच्या उतारावर पाचरीसारखी क्लॅम्पने दाबली जाते आणि आतली-बाहेरची रिम वेगळी ठेवायचं काम ही पट्टी करते.

दोन्ही बाजूंना एकच माप लावा, हे आधी. कुठलं ते टायर ठरवतो, टायर कंपनीच्या तक्त्यात जोडीचं किमान अंतर दिलेलं असतं, त्यापेक्षा कमी पडेल ती पट्टी बाद. पट्टी फार रुंद असेल तर बाहेरची रिम नीट बसत नाही. फार अरुंद असेल तर नट पूर्ण आवळायच्या आधीच क्लॅम्पची टाच आऱ्याला टेकते. असं झालं की थांबायचं, पट्टी किंवा क्लॅम्प चुकीचा आहे, पान्याला पाइप लावून जोर करायचा नाही. पट्टी वाकून अंडाकृती झाली नाही ना तेही बघा, जुन्या असतात.

शेवटी चाक उचलून फिरवा, टायरजवळ खडू धरा. ३ मिमीपेक्षा जास्त डगमगलं तर ढिलं करून समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळत परत बसवा. ऐंशी-शंभर किलोमीटर चालवून पुन्हा एकदा पाना फिरवा.

प्रश्न : २२.५ चा ट्यूबलेस टायर स्वस्तात मिळतोय, २० च्या डिस्कवर चढेल का? (नांदेड)

उत्तर : नाही. २० च्या रिमची बैठक (टायरची कड टेकते ती जागा) जवळपास सपाट असते, २२.५ ची १५ अंश उतरती, माप अडीच इंचांनी वेगळं ते निराळंच. स्वस्तात डिस्कही मिळत असतील तर बोला, नाहीतर टायर तिथेच राहू द्या.