दोन घास भाजी, मग केक

मी समुपदेशक. पालकांच्या तोंडून हा प्रश्न मी वर्षभर ऐकते. "बाहेरचं खाऊ नये म्हणून केक, बिस्किटं घरीच करते. आता पोरगा तेच मागतो, पोळीभाजीला तोंड लावत नाही. मीच बिघडवलं का त्याला?" उत्तर म्हणून एका घराची गोष्ट सांगते. घर ओळखू येऊ नये एवढे तपशील बदलले आहेत.

त्या घरातली आई जुलैत माझ्याकडे आली, भर पावसात, नागपूरच्या मानेवाड्याहून. नोकरी पतसंस्थेत, नवरा बुटीबोरीच्या कारखान्यात पाळीवर. मुलगा आठ वर्षांचा, धाकटी चारची. दिवाळीत हप्त्यानं ओव्हन घेतला होता आणि यूट्यूब बघून बघून तिचा हातही छान बसला होता. मोबाइलमध्ये फोटो होते: कणकेचे कपकेक, नाचणीची बिस्किटं, चीज घातलेले पाव. फोटो दाखवता दाखवताच डोळे भरून आले. "मॅडम, हा जेवूनच नाही राहिला. रात्रीचं जेवण दीड तास चालतं. सासूबाई म्हणतात, तूच लाडावून ठेवलंस. करून दिलं तर पाप, नाही दिलं तर पाप."

आधी मी त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. वजन घटतंय, उंची अडली आहे, गिळताना ठसका लागतो, पोट दुखतं किंवा खाण्याचे पदार्थ दिवसेंदिवस कमीच होत चाललेत, असं काही असेल तर ते समुपदेशनानं सुटत नाही. इथे तसं काही निघालं नाही. पोरगा वाढत होता.

मग मी तिला आठवडाभर वही लिहायला सांगितली. त्यानं काय खाल्लं ते नको, ताटावर बसल्यावर कोण काय बोललं तेवढंच. वही आली. सात दिवसांत "दोन घास भाजी, मग केक" हे वाक्य एकोणीस वेळा होतं. थोडं फिरवून आजीनंही म्हटलं होतं, बाबांनीही फोनवरून म्हटलं होतं. एकदा तर धाकटीनं दादाला म्हटलं होतं.

आता माझी चूक. वही बघून मी फटकन सांगून टाकलं, "महिनाभर ओव्हन बंद." दहा दिवसांत ती परत आली, या वेळी रडत नव्हती, चिडली होती. कुलरच्या मागे बिस्किटांचे रिकामे पुडे सापडले होते. शाळेत पोरगा पोळीचा डबा देऊन मित्राकडून वेफर्स घेत होता. "आता चोरीही शिकला," ती म्हणाली.

हे मला आधी सुचायला हवं होतं. लीॲन बर्च या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकारी जेनिफर फिशर यांनी १९९९ मध्ये लहान मुलांवर एक प्रयोग केला. सारख्याच दोन खाऊंपैकी एक मोकळा ठेवला, दुसरा समोर दिसेल पण हाती लागणार नाही असा. मुलांचं लक्ष आणि बोलणं त्या बंद खाऊभोवतीच फिरायला लागलं. प्रयोगाचंही सोडा, माझं स्वतःचं लहानपण नागपूरच्या महाल भागातलं. दिवाळीआधी रवा, मैदा, तूप, साखर मोजून भट्टीवर न्यायची आणि नानकटाई भाजून आणायची. आई पिपा फडताळात कुलूप लावून ठेवायची आणि मोजून ठेवायची. आम्हीही मोजून ठेवायचो. किल्ली कुठे असते ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आईला हे ठाऊक नव्हतं एवढंच.

मी तिची माफी मागितली. समुपदेशकानं मागावी, त्यानं काही बिघडत नाही. मग आम्ही नव्यानं सुरुवात केली.

केकचं वेड मुलाच्या जिभेतून कमी आणि त्या एकोणीस वाक्यांतून जास्त आलं होतं. 'हे संपव, मग ते देते' म्हटलं की मूल एवढंच ऐकतं: भाजी म्हणजे दंड, केक म्हणजे बक्षीस. बर्च यांच्या १९८० च्या अभ्यासात बक्षीस म्हणून दिलेला खाऊ मुलांना आणखी आवडायला लागला होता. १९८४ च्या अभ्यासात उलट बाजू दिसली: बक्षिसासाठी जे पेय प्यायला लावलं, तेच नावडतं झालं. आपण रोज रात्री दोन्ही एकदम करतो आणि वर म्हणतो, काऊन भाजी खात नाही हा?

एलिन सॅटर या आहारतज्ज्ञांनी कामांची एक वाटणी सांगितली आहे. काय रांधायचं, कधी आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं खायचं की नाही आणि किती, हे मुलानं. ऐकायला सोपं आहे, पण आपल्याकडे दुसरा भाग आजीच्या पचनी पडत नाही. सासूबाईंना एकदा बोलावलं. "म्हणजे पोट्टं उपाशी निजलं तरी चालेल?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आई, ताटात वरणभात असेलच, त्याला आवडतं ते एक काहीतरी रोज असेल. फक्त 'खा' म्हणायचं नाही." त्या गप्प बसल्या. पटलं नव्हतं, पण तीन आठवडे गप्प बसायचं कबूल केलं. नागपुरी सासूबाईंकडून एवढं मिळालं तर मी समाधानी असते.

घरचं भाजलेलं बुधवारी आणि रविवारी, बाकी दिवस नाही. रविवारी एक तुकडा जेवणाच्या ताटातच, वरणभात आणि भाजीच्या शेजारी, सगळ्यांना सारखा. दुसरा मिळणार नाही आणि पहिला कुणी काढून घेणार नाही.

"मग आधी केकच खाईल की!"

"खाऊ द्या."

पहिल्या रविवारी त्यानं केक खाल्ला आणि उठला. दुसऱ्या रविवारी केक खाल्ला, थोडा वेळ बसला, उठला. तिसऱ्या रविवारी केक खाऊन वरणभात मागितला. भाजीला हात लावला नाहीच. नव्या चवीला आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा संधी द्यावी लागते, तीही न बोलता. आपला धीर बहुतेक तिसऱ्या वेळी सुटतो.

बुधवारचं करायचं काम मी मुलाकडे दिलं. कपकेक बंद, साधा रव्याचा केक. १८० ग्रॅम बारीक रवा, तेवढंच दही, १२० ग्रॅम साखर, ६० ग्रॅम पातळ तूप, लागेल तसं अर्धी वाटी दूध. कालवून अर्धा तास झाकून ठेवायचं, रवा फुगला की अर्धा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा. दह्यातल्या आंबटाशी सोडा भेटला की बुडबुडे येतात, ते बघायला धाकटी स्टुलावर चढायची. ओव्हनमध्ये १८० अंशांवर पस्तीसेक मिनिटं. ओव्हन नसेल तर कुकरची शिट्टी आणि रिंग काढून, तळाशी मिठाचा थर देऊन, पाणी अजिबात न घालता मंद आचेवर पाऊण तास. डिसेंबरात संत्र्याची साल किसून घालावी, फक्त वरची केशरी, खालची पांढरी कडू लागते.

दहा तुकडे केले तर तुकड्याला १२ ग्रॅम साखर, म्हणजे तीन लहान चमचे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलेली मर्यादा दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांखालची. आठ वर्षांच्या मुलाला ती साधारण ४० ग्रॅम पडते. एक तुकडा त्यात सहज बसतो. हिशेब चुकतो तो दुधातल्या पावडरीनं, जॅमनं आणि सरबतानं. त्यांना आपण खाऊ म्हणून मोजतच नाही.

तिचा आणखी एक प्रश्न होता. पोरगा पडला, रडला, शाळेत भांडून आला की ती हातात बिस्किट द्यायची. हे चूक का? कधीतरी नाही. तापात आपल्यालाही मऊ खिचडीच हवी असते, आणि हिला स्वतःला वाईट दिवशी आईच्या हातचा गोळाभात आठवतो. पण प्रत्येक रडण्यावर आधी बिस्किट आलं तर 'काय झालं?' हे विचारायचं राहून जातं. आधी शेजारी बसा, विचारा, भूक असेल तर मग द्या. हे तिला केकपेक्षा अवघड गेलं.

नोव्हेंबरात ते काटोलकडे सासरच्या शेतावर गेले. गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजत होते. पोरानं कणकेचे गोळे वळले, राखेतून निघालेला रोडगा झटकला, तूप-गूळ लावून दोन खाल्ले. वांग्याची भाजी नाही खाल्ली. रस्स्यात एक तुकडा बुडवला, चाटला, बाजूला ठेवला. सासूबाईंनी तोंड उघडलं होतं, पण बोलल्या नाहीत. ही बातमी तिनं मला त्याच संध्याकाळी फोनवर दिली, सासूबाईंच्या गप्प राहण्यासकट.

जानेवारीत शेवटचा फोन आला. आवाज जरा पडलेला होता.

"मॅडम, काल रविवारी त्यानं अर्धा केक ताटात टाकला. पोट भरलं म्हणाला."

"मग?"

"मग काय, एवढा मेहनतीनं केला होता. मला वाईट वाटलं ना!"